ठेका सुटतोय कुठं? वाचकांचे स्टुडिओचे प्रश्न

यावेळी आलेल्या पत्रांत एकच रड जास्त आहे, कॉम्प्युटर एकीकडं चाललाय आणि बाहेरचं मशीन दुसरीकडं. जुळे सोलापूरपासून अक्कलकोट रोडपर्यंत आता एका खोलीचे स्टुडिओ झालेत, तिथं भीमगीतं होतात, सिद्धरामेश्वरांची भक्तिगीतं होतात, कन्नड आणि तेलुगू गाणीपण होतात, आणि सामान सगळ्यांकडं थोड्याफार फरकानं सारखंच, एक कीबोर्ड, एक ऑक्टापॅड (काठीनं वाजवायचा इलेक्ट्रॉनिक पॅड), दोन इनपुटचा इंटरफेस (माइकचा, वाद्याचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारा डबा) आणि लॅपटॉप. म्हणून यावेळी प्रश्न कमी घेतलेत आणि उत्तरं सविस्तर देतोय.

सगळ्यांनाच एक विनंती. सेटिंगला हात लावायच्या आधी फरक कसा पडतोय ते नीट ऐका. सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेवढाच उशीर आहे, का उशीर वाढत चाललाय, का कधी पुढं कधी मागं होतंय, का मधेच टक टक आवाज येतोय? ह्या चारही गोष्टींची कारणं वेगळी आहेत, आणि हे न ऐकता सेटिंग बदलत बसलात तर रात्र जाते आणि हाताला काही लागत नाही.

प्रश्न : अण्णा नमस्कार. माझ्याकडं यामाहाचा पीएसआर कीबोर्ड आहे, यूएसबीनं लॅपटॉपला लावलाय, सॉफ्टवेअर क्यूबेस. कीबोर्डच्या स्टाईलवर (आतल्या तयार साथीवर) ठेका वाजवून रेकॉर्ड करतो. दोन्हीकडं टेम्पो १२० च ठेवलाय, तरी पहिल्या कडव्यापर्यंत बरं असतंय आणि दुसऱ्या कडव्याला पार बाहेर जातंय. काय होऊलालंय कळंना. (जुळे सोलापूर)

उत्तर : तुमच्या पत्रातच उत्तर आहे, "दोन्हीकडं १२०". दोन्हीकडं १२० लिहिलं म्हंजे दोन्ही जोडले गेले असं नसतं. कीबोर्डचं स्वतःचं एक घड्याळ आहे, कॉम्प्युटरचं वेगळं आहे, आणि दोन घड्याळं कधीच शंभर टक्के सारखी चालत नाहीत. समजा दर १०,००० ला १ एवढाच फरक आहे, तरी ४ मिनिटांच्या गाण्यात शेवटी २४ मिलिसेकंद होतात, आणि एवढं टाळीला, ढोलकीच्या थापेला कानाला कळतं. त्यात स्टार्टचं बटण हातानं दाबलेलं असतं, तो फरक पहिल्या मात्रेपासूनच आलेला असतो. तुमचा फरक वाढत जातोय, म्हंजे दोघं आपापल्या मनानं पळतायत. लेझीमच्या डावात हलगीवाला एकच असतो आणि सगळे त्याच्यावर पाय टाकतात, तसं इथं एकाला हलगी द्यायची आणि दुसऱ्यानं फक्त ऐकायचं. तुमच्याकडं क्यूबेसला मालक करा, कारण गायकाचा आवाज आणि बाकी सगळं त्याच्यातच बसणार आहे.

आता करायचं काय ते सांगतो. मिडी म्हंजे वाद्यं आणि कॉम्प्युटर एकमेकांना सूचना पाठवतात ती भाषा, आणि मिडी क्लॉक म्हंजे त्यातून जाणारे लयीचे ठोके. क्यूबेसच्या ट्रान्सपोर्ट मेनूत प्रोजेक्ट सिंक्रोनायझेशन सेटअप आहे, त्यात मिडी क्लॉक डेस्टिनेशन्स म्हणून यादी असते, तिथं तुमच्या कीबोर्डच्या पोर्टवर टिक करा. मग कीबोर्डवर फंक्शन बटण दाबून एक्स्टर्नल क्लॉक शोधा, तो ऑफ असेल, ऑन करा. आता क्यूबेसमध्ये प्ले दाबलं की स्टाईल आपोआप सुरू होईल आणि स्टॉप दाबलं की थांबेल, कीबोर्डच्या टेम्पो बटणाला काही अर्थ राहणार नाही.

ह्यात आत काय चालतं ते माहीत असलं की पुढं अडत नाही. मिडी क्लॉकमध्ये "टेम्पो १२०" असा आकडा जातच नाही. एका मात्रेला २४ ठोके जातात, बस्. १२० च्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची, म्हंजे साधारण दर २०.८ मिलिसेकंदाला एक ठोका. कीबोर्ड ते ठोके मोजत पुढं जातो. म्हणून क्यूबेसच्या टेम्पो ट्रॅकमध्ये शेवटच्या ध्रुपदाला लय ११० केली तर कीबोर्डपण मुकाट ११० वर येतो, वेगळं काही करावं लागत नाही. १९८३ साली मिडी आलं तेव्हापासून हे असंच आहे आणि आजही बाजारातल्या बहुतेक मशीनला चालतंय.

दोन-तीन गोष्टी सांभाळा. प्रोजेक्टच्या सुरुवातीला दोन बार (मात्रांचे दोन गट, सॉफ्टवेअरमध्ये आखलेले असतात) रिकामे सोडा आणि गाणं तिसऱ्या बारापासून धरा, मशीनला ठोके पकडून स्थिर व्हायला थोडा वेळ लागतो आणि नेमकी पहिली सम लंगडी होते. मधूनच रेकॉर्डिंग सुरू करायचं असेल तर बारच्या सुरुवातीवरूनच करा, कारण स्टाईलला आपण अंतऱ्यात आहोत का ध्रुपदात हे कळत नाही, ती तिच्या पहिल्या मात्रेपासूनच वाजायला लागते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कार्यक्रमाला कीबोर्ड नेताना एक्स्टर्नल क्लॉक आठवणीनं ऑफ करा. तो ऑन राहिला आणि समोर कॉम्प्युटर नसला तर स्टाईल सुरूच होत नाही, तुम्ही स्टार्ट दाबत राहाल आणि लोकांना वाटेल कीबोर्ड बिघडला. हुतात्मा स्मृती मंदिरात पडदा वर गेल्यावर हे शोधत बसायची वेळ कुणावर येऊ नये.

हे सगळं करूनही एक तक्रार तुम्ही पुढच्या महिन्यात लिहिणार हे मला माहितीय, म्हणून आत्ताच सांगतो. आता फरक वाढणार नाही, पण रेकॉर्ड झालेला ठेका पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखाच थोडा मागं दिसेल. हा क्लॉकचा दोष नाही, हा जाण्यायेण्याचा वेळ आहे. ठोका कॉम्प्युटरमधून निघाला, कीबोर्डनं आवाज केला, तो वायरीतून इंटरफेसमध्ये आला, बफरमध्ये, म्हंजे कॉम्प्युटर आवाज थोडा थोडा साठवून घेतो तिथं, थांबला आणि मग ट्रॅकवर उमटला. ४४,१०० सँपल रेटला (सेकंदाला ४४,१०० वेळा आवाज मोजला तर) २५६ सँपलचा बफर म्हंजे ५.८ मिलिसेकंद, १,०२४ चा म्हंजे २३.२. ड्रायव्हर आपला उशीर सॉफ्टवेअरला सांगतो आणि सॉफ्टवेअर तेवढं मागं ओढून घेतं, पण काही ड्रायव्हर खरा आकडा सांगत नाहीत.

तो आकडा स्वतः मोजता येतो आणि प्रत्येकानं एकदा मोजावाच. स्पीकर बंद करा. इंटरफेसच्या एका आऊटपुटमधून केबल काढून त्याच इंटरफेसच्या लाईन इनपुटला लावा, त्या इनपुटचं मॉनिटरिंग (आत आलेला आवाज लगेच बाहेर सोडणं) बंद ठेवा नाहीतर शिट्टी मारेल. एका ट्रॅकवर मेट्रोनोमचा टिक ऑडिओ म्हणून ठेवा, तो त्या आऊटपुटवर पाठवा आणि दुसऱ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करा. मग झूम करत करत इतकं आत जा की लाट सुटी सुटी टिंबं दिसायला लागेल, आणि मूळ टिकचं पहिलं टिंब आणि रेकॉर्ड झालेल्याचं पहिलं टिंब ह्यात किती सँपल आहेत ते मोजा. समजा २१२ आले, तर ते ४.८ मिलिसेकंद. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डिंग ऑफसेट किंवा रेकॉर्ड शिफ्ट अशा नावाची जागा असते, तिथं तो आकडा टाका आणि परत रेकॉर्ड करून बघा, एकावर एक बसलं पाहिजे. उलट्या बाजूला सरकलं तर उणे चिन्ह द्या. हे झालं की इंटरफेसकडून होणारा उशीर संपला. त्यानंतरही ठेका मागं राहिला तर तो कीबोर्डचा स्वतःचा उशीर, तेवढा ट्रॅक हातानं सरकवा, तो फरक साधारण तेवढाच राहतो.

आणि माझं मत विचारलंत तर ठेका सरळ ऑडिओ न करता आधी मिडी म्हणून घ्या. फंक्शनमध्ये स्टाईल आऊट ऑन केलं की स्टाईलचे सगळे सूर क्यूबेसमध्ये येतात, मग एखादी थाप उचलता येते, बदलता येते. फक्त ते करताना प्रत्येक सूर दोनदा ऐकू यायला लागला तर घाबरू नका, कीबोर्ड स्वतःचा वाजवतोय आणि क्यूबेसमधून परत आलेलापण वाजवतोय. लोकल ऑफ करा, थांबेल. आणि विंडोजवर कीबोर्डचं पोर्टच दिसलं नाही तर मागं दुसरं कुठलं म्युझिक सॉफ्टवेअर उघडं आहे का बघा, बरेच ड्रायव्हर एका वेळी एकाच प्रोग्रामला पोर्ट देतात.

प्रश्न : एफएल स्टुडिओमधून जुन्या ड्रम मशीनला मिडी क्लॉक देतो, मधे साधी यूएसबी मिडी केबल आहे. मशीनच्या डिस्प्लेवर टेम्पो ११९ ते १२१ असा नाचत राहतो आणि हायहॅट डगमगल्यासारखा वाटतो. मशीन गेलं का? (साखर पेठ)

उत्तर : मशीन बहुतेक चांगलं आहे. ते ठोक्यांमधलं अंतर मोजून टेम्पोचा आकडा काढतं. वर सांगितलं तसं अंतर २०.८ मिलिसेकंद, त्यातला एखादा ठोका नुसता १ मिलिसेकंद उशिरा आला तर तेवढ्या अंतरापुरता हिशोब ११४.५ निघतो. मशीन सरासरी काढतं म्हणून तुम्हाला ११९ दिसतं. डिस्प्ले थोडा हलला म्हणून काळजी करू नका, कानाला डगमगलं तरच करा, आणि तुम्हाला कानाला कळतंय म्हंजे बघायला पाहिजे.

केबल आधी हबमधून काढून थेट लॅपटॉपला लावा. लॅपटॉपचा पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सला ठेवा आणि यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा, वीज वाचवायच्या नादात विंडोज पोर्टला झोपवतं. मग बघा की त्याच पोर्टवरून दुसरं काय काय चाललंय. मिडीच्या पाच पिनच्या वायरीतून सेकंदाला ३१,२५० बिट जातात, एक सूर म्हंजे जवळपास १ मिलिसेकंद. नियमाप्रमाणं क्लॉकच्या ठोक्याला रांग मोडून मधे घुसायची मुभा आहे, पण स्वस्त केबलमध्ये ती पाळली जाईलच असं नाही, त्यामुळं त्या पोर्टवर मॉड्युलेशन, आफ्टरटच असला डेटा भरमसाट जात असेल तर ठोके मागं पडतात. त्या पोर्टवर फक्त क्लॉक जाऊ द्या. एवढं करून फरक पडला नाही तर केबलच बदला, आणि ह्यावेळी इंटरफेस असा घ्या की ज्याच्यावर स्वतःची मिडी इन-आऊटची पाच पिनची भोकं आहेत. माझ्या अनुभवात निम्मी दुखणी तिथंच संपतात.

एक अजून. ह्या साध्या केबलींवर इन आणि आऊट लिहिलेलं असतं त्यात गोंधळ फार, काहींवर "इन" म्हंजे मशीनच्या इनमध्ये घालायचं आणि काहींवर "इन" म्हंजे कॉम्प्युटरकडं आत येणारं, ते मशीनच्या आऊटला जातं. क्लॉक अजिबातच पोचत नसेल तर दोन्ही टोकं अदलाबदल करून बघा, काही जळत नाही.

प्रश्न : सर, आमच्या पोरांचं हलगी, ताशा आणि लेझीमचं पथक आहे, लाईव्ह रेकॉर्ड करायला ८ माइकचा प्रीअँप (माइकचा आवाज मोठा करणारा डबा) घेतला आणि ऑप्टिकल केबलनं इंटरफेसला जोडला. रेकॉर्डिंगमध्ये टक टक असे आवाज येतात, कधी पाच सेकंदांनी कधी अर्ध्या मिनिटानं. मिडी क्लॉक लावून बघितला, फरक नाही. (विजापूर रोड)

उत्तर : मिडी क्लॉकचा इथं संबंधच नाही, तो मात्रा मोजतो. तुमचा प्रश्न सँपलचा आहे. प्रीअँप सेकंदाला ४८,००० वेळा आवाज मोजून पाठवतोय आणि इंटरफेस आपल्या घड्याळानं ४८,००० घ्यायला बसलाय, दोघांत जरा फरक पडला की थोड्या वेळानं एक सँपल जास्त होतो किंवा कमी पडतो आणि तिथं टक वाजतं. म्हणूनच तो आवाज ठेक्याशी जुळून येत नाही.

पण आधी खात्री करा. बफर १,०२४ ला न्या. टक टक कमी झाली तर कॉम्प्युटरला झेपत नव्हतं, क्लॉकचा दोष नाही. तशीच राहिली, आणि ऑप्टिकल काढून नुसत्या इंटरफेसच्या माइकवर रेकॉर्ड केल्यावर गेली, तर क्लॉकच.

उपाय सोपा आहे. तुमच्याकडं एकच ऑप्टिकल केबल दिसतेय, प्रीअँपच्या आऊटमधून इंटरफेसच्या इनमध्ये. मग प्रीअँपच मालक होणार, त्याला इंटर्नलवर ठेवा आणि इंटरफेसच्या कंट्रोल पॅनेलमध्ये क्लॉक सोर्स इंटर्नल आहे तो बदलून एडॅट किंवा ऑप्टिकल करा. लॉकचा दिवा स्थिर लागला पाहिजे, लुकलुकत असेल तर सँपल रेट दोन्हीकडं एकच आहे का बघा. इंटरफेसलाच मालक करायचं असेल तर उलट्या दिशेनं दुसरी केबल लागते, किंवा दोन्हीला वर्ड क्लॉकची (सँपलचे ठोके नेणारी) गोल बीएनसी भोकं असतील तर तिथून जोडा. त्या केबलला ७५ ओहमचीच मागा, दुकानात दिसायला तशीच ५० ओहमची मिळते, ती नको. शेवटच्या मशीनवर ७५ ओहमचं टर्मिनेशन चालू करा.

भोक एकच असलं तरी ऑप्टिकलमधून दोन वेगवेगळ्या पद्धतीचा सिग्नल जातो, एडॅट आणि एसपीडीआयएफ, दोन्हीकडं एडॅट निवडलेलं पाहिजे. आणि ९६,००० ला रेकॉर्ड करायचा मोह आवरा, तिथं एका ऑप्टिकल केबलमधून आठऐवजी चारच चॅनेल येतात आणि बाकीचे माइक गायब. हलगी-ताशाला ४८,००० भरपूर आहे, त्यापेक्षा माइक कुठं ठेवायचा ह्यावर वेळ घाला, हलगीच्या जवळच्या माइकचा आवाज फुटतोय का ते आधी बघा.

आपल्याकडं लाईट जाते-येते. काही मशीन परत चालू झाल्यावर क्लॉक सेटिंग विसरून इंटर्नलवर येतात किंवा ४४,१०० ला जातात. लाईट आली की पोरांना वाजवायला सांगायच्या आधी पॅनेल उघडून बघा. ह्या दोन डब्यांना छोटा यूपीएस असेल तर फारच बरं.

प्रश्न : गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाच्या मिरवणुकीचं शूटिंग केलं, व्हिडिओ मोबाईलवर आणि आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर. सुरुवातीला जुळवलं की बरोबर, ४० मिनिटांनी वाद्यावर हात पडतोय एकीकडं आणि आवाज दुसरीकडं. (बाळे)

उत्तर : हाही वाढत जाणारा फरक, म्हंजे परत दोन घड्याळं. सँपल रेटची मोठी चूक असती तर ४८,००० चं रेकॉर्डिंग ४४,१०० नं वाजून सूर जवळजवळ दीड पट्टी (सेमीटोन) खाली आला असता आणि ४ मिनिटांचं गाणं ४ मिनिटं २१ सेकंद झालं असतं, ते तुम्हाला लगेच कळलं असतं. तुमचं तसं नाही.

पहिलं काम, मोबाईलचा व्हिडिओ. बऱ्याच मोबाईलमध्ये फ्रेम रेट एकसारखा नसतो, उजेडाप्रमाणं कमीजास्त होतो आणि एडिटिंग सॉफ्टवेअरचा हिशोब चुकतो. हँडब्रेकसारख्या फुकटच्या सॉफ्टवेअरमधून कॉन्स्टंट फ्रेम रेट निवडून फाईल बदलून घ्या, कित्येकदा अर्ध्याहून जास्त फरक तिथंच जातो.

मग उरलेला. सुरुवातीची एक टाळी किंवा थाप जुळवा आणि शेवटाजवळची दुसरी थाप शोधा, दोन्हीत किती फरक आहे बघा. समजा ४० मिनिटांत ०.१२ सेकंद, म्हंजे २५ फ्रेमच्या व्हिडिओत ३ फ्रेम. आवाजाची फाईल तेवढीच, ०.००५ टक्के, ताणा किंवा आवळा, सुराला काहीही कळत नाही. पुढच्या वेळी शूटिंग सुरू करताना आणि बंद करायच्या आधी अशा दोन्ही वेळा कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवा. टाइमकोडचे डबे भाड्यानं घ्यायचा विचार कुणी सुचवला असेल तर एवढं लक्षात ठेवा की टाइमकोड फक्त कुठल्या क्षणाला काय होतं तो पत्ता सांगतो, घड्याळाची चाल सारखी करत नाही, लांब रेकॉर्डिंगला तो नुसता पुरत नाही.

आणि रेकॉर्डर कुठं ठेवला होता? आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, रेकॉर्डर वाद्यांपासून ३४ मीटरवर असेल तर ०.१ सेकंद तिथंच गेला. हा फरक मात्र वाढत नाही, एकदा सरकवला की झालं.

प्रश्न : रोलँडचा एसपीडी-२० ऑक्टापॅड आहे, त्याला यूएसबी नाही. सॉफ्टवेअरमधली ढोलकी त्याच्यावरून वाजवता येईल का? सिंक कसं करायचं? (अशोक चौक)

उत्तर : येईल, आणि सिंक करायचंच नाही. तुम्ही स्वतः हातानं वाजवणार, लय तुमच्या हातात आहे, ऑक्टापॅडनं फक्त कुठल्या पॅडवर काठी किती जोरात पडली ते सांगायचं. ऑक्टापॅडच्या मिडी आऊटमधून पाच पिनची केबल इंटरफेसच्या मिडी इनमध्ये घाला, ट्रॅकवर ढोलकीचं इन्स्ट्रुमेंट लावा, आणि कुठला पॅड कुठला सूर पाठवतो ते बघून त्या सुरावर तो बोल बसवा. आवाज आलाच नाही तर मिडी चॅनेल बघा, पॅड एका चॅनेलवर पाठवतोय आणि ट्रॅक दुसरा ऐकतोय असं असतं, ट्रॅकला ऑल चॅनेल्स करा.

तुम्हाला सांभाळायचाय तो फक्त उशीर. वाजवताना बफर १२८ ला ठेवा, ४४,१०० ला तो २.९ मिलिसेकंदांचा होतो, बाकी जाण्यायेण्याचा वेळ धरला तरी हाताला जड जात नाही. विंडोजवर इंटरफेसचा स्वतःचा असिओ ड्रायव्हरच निवडा, विंडोजचा साधा ड्रायव्हर घेतला तर काठी पडल्यावर आवाज उशिरा येईल आणि जलद तिहाई वाजवताच येणार नाही. मास्टरवर लावलेले जड प्लगइन, विशेषतः लिमिटर, तेवढ्यापुरते बंद ठेवा, तेपण उशीर वाढवतात. वाजवून झालं की मिक्सिंगला बसताना बफर परत १,०२४ ला न्या.